पाच कोनांचा नट

सहदेव घाडीला आयुष्यात दोनदा काढून टाकलं. पहिल्यांदा गिरणीनं. तेव्हा संप होता, त्याच्याबरोबर हजारो माणसं रस्त्यावर आली होती, त्यामुळे एकट्यानं लाज बाळगायचं काही कारण नव्हतं. दुसऱ्यांदा काढलं ते एका फियाट गाडीतून. तेव्हा मात्र तो एकटाच होता, आणि ज्या गोष्टीमुळे त्याची जागा गेली ती त्यानं स्वतःच्या हातांनी घडवून दिली होती.

सतरा वर्षं तो लोअर परळच्या एका गिरणीत फिटर होता. मालवणकडून कोवळा पोरगा म्हणून आला, तेव्हा धाकू परब नावाच्या म्हाताऱ्या मेस्त्रीनं त्याला हाताखाली घेतलं. धाकूची एक रीत होती, म्हणजे त्या खात्यातल्या सगळ्याच जुन्या फिटरांची होती. मशीन दुरुस्त करून झालं की कुठेतरी आडोशाला एक नट असा लावायचा, जो बाजारातल्या कुठल्याही पान्यानं फिरणार नाही. नटाला सहा कोन असतात. पान्याचे जबडे समोरासमोरच्या दोन बाजूंना धरतात आणि नट फिरतो. धाकू कानशीनं घासून नटाला पाच कोन करायचा. पाच कोन केले की समोरासमोर बाजूच उरत नाहीत, पाना नुसता घसरत राहतो. त्याची चावी धाकूनं स्वतः बनवलेली, ती कायम त्याच्या कमरेला. खात्यातले साहेब कितीही शिकलेले असोत, त्या नटापाशी आले की निमूट म्हणायचे, धाकूला बोलवा.

"सगळा काम शेटाक देवन टाकू नको रे झिला," धाकू सांगायचा. "एक नट आपल्या हातातलो ठेव. नायतर उद्या तुका कोण इचारतलो?"

पुढे गिरणीच बंद पडली आणि पाच कोनांच्या नटांसकट सगळी मशीनं गंजत पडली. मालकाला मशीन चालवायचंच नसेल तर नट कितीही कोनांचा असून काय उपयोग? धाकू गावी जाऊन मेला. सहदेव विक्रोळीला जयंतीभाईच्या वर्कशॉपमध्ये खिडक्यांची ग्रिलं करायला लागला. ज्या हातांनी विलायती मशीनचं स्पिंडल केसाइतकाही फरक न ठेवता बसवलं होतं, ते हात आता घाटकोपर-मुलुंडच्या ब्लॉकवाल्यांसाठी लोखंडी गुलाबाची फुलं वळत होते. जयंतीभाई माणूस वाईट नव्हता. पण फूल जरा जास्त सुबक झालं की म्हणायचा, "सहदेव, इतना टाइम नहीं डालनेका."

एक रविवार तेवढा सहदेवचा स्वतःचा होता. तो आणि त्याची बायको जानकी कन्नमवार नगरात दुसऱ्या मजल्यावर राहायचे. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला तिवरं आणि तिवरांतून गेलं की खाडी. रविवारी पहाटे तो बांबूची काठी घेऊन खाडीवर जायचा. काठी स्वतः निवडलेली, धुरावर शेकून सरळ केलेली, शेंड्याला इतकी लवचिक की बोयीसारखी मासळी गळ नुसता हुंगून गेली तरी मनगटाला कळावं. तिथेच त्याला अनंत गुप्ते भेटले.

गुप्ते एका कंपनीत परचेस ऑफिसर. राहायला घाटकोपर पूर्वेला. जातीचे मासेखाऊ, पण तोवर मासळी बाजारातूनच आणलेली. मेव्हण्यानं दुबईहून फायबरची काठी आणि रीळ पाठवलं, म्हणून हे साहेब पांढरे कॅनव्हासचे बूट घालून चिखलात उतरले होते. गळ दगडात अडकलेला आणि हे आपले दोन्ही हातांनी ओढतायत.

"सायबानु, खेचू नकात," सहदेव न राहवून ओरडला. "ढील सोडा. ढील!"

त्या दिवशी गळ सुटला आणि दोस्ती जुळली. दोस्तीच म्हणायची. दोन वर्षं दर रविवारी गुप्त्यांची फियाट कन्नमवार नगराखाली येऊन दोनदा हॉर्न द्यायची, आणि सहदेव जिवंत कोळंबीचा डबा घेऊन दोन-दोन पायऱ्या उतरत खाली जायचा. तिथून मुलुंड, ठाणं आणि पुढे घोडबंदरच्या रस्त्यानं गायमुखची खाडी. सहदेवनं गुप्त्यांना सगळं शिकवलं. कोळंबी जगवायची तर डब्यात पाण्यापेक्षा ओला पाला बरा. जिताडा कुठल्या खडकाच्या सावलीला उभा राहतो. तिथीवरून भरती कशी काढायची, अष्टमीला पाणी मेलेलं का असतं. गुप्ते हे सगळं एका डायरीत उतरवून घ्यायचे. ऑफिसची सवय. सहदेवला त्याचं कौतुकच वाटायचं, आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय म्हणून.

गाडीत तो त्यांना साहेब म्हणायचा. खाडीवर मात्र मासा लागला, रीळ करकरायला लागलं की त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, "गुप्ते, दमान घे! आता सोड, सोड त्याका!" आणि गुप्ते ऐकायचे. "साहेब काय म्हणतोस रे, अनंता म्हण," असंही ते एकदा म्हणाले होते. सहदेवला ते जमलं नाही. पण त्यांनी म्हटलं होतं, हे त्यानं जानकीला तीनदा सांगितलं.

बिल्डिंगमधले म्हणायचे, अरे, एवढा कंपनीतला साहेब हाताशी आहे, त्याला सांगून नोकरीचं बघ. सहदेवनं कधी विचारलं नाही. जगात एक तरी माणूस असा असावा ज्याच्यापुढे आपण हात पसरला नाही, असं त्याला वाटायचं. त्याची श्रीमंती काय ती एवढीच होती, आणि ती तो फार जपायचा.

अडचण काठ्यांची होती. दहा-दहा फुटी काठ्या फियाटमध्ये मावणार कुठे? बुंधे पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी टेकवायचे, तिथून सीटवरून तिरक्या मागे न्यायच्या आणि शेंडे मागच्या खिडकीतून बाहेर काढायचे. म्हणजे पुढची सीट काठ्यांची. सहदेव मागे बसायचा, दोन्ही हातांनी मोळी धरून, खालून गोणपाटाचा तुकडा लावून. वळण आलं की आवळायचं, खड्डा आला की सैल करायचं.

"बघ सहदेव," गुप्ते आरशातून हसायचे, "लोकांना वाटतंय तू शेट आणि मी तुझा ड्रायव्हर."

सहदेवही हसायचा. ठाण्यापर्यंत त्याचा उजवा हात बधिर झालेला असायचा. एकदा मुलुंडच्या नाक्यावर एक ट्रक घासून गेला आणि गुप्त्यांच्या दुबईच्या काठीचा शेंडा कटकन मोडला. गुप्ते काही बोलले नाहीत. पण मग घरी पोचेपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत, आणि ते सहदेवला फार लागलं. त्याच रात्री त्यानं ठरवलं, गाडीच्या टपावर काठ्यांसाठी कॅरिअर करायचं.

खरं कारण शेंडा नव्हता. सहदेवला पुढच्या सीटवर बसायचं होतं. दोन दोस्त मासे मारायला निघालेत तर शेजारी-शेजारी बसून बोलत जावं, काच खाली करून कोपर बाहेर काढावं, एवढीच हौस. काठ्या टपावर गेल्या की ती सीट आपली, असा त्याचा सरळ हिशेब होता.

तीन आठवडे तो जयंतीभाईच्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी मागे थांबला. भंगारातून पाऊण इंची पाईप निवडून आणले. नुसता वाकवला तर पाईप वळणावर चेपतो. म्हणून त्यात सुकी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं मारली आणि मग तापवून जुन्या पुलीभोवती वळवला. वळण असं आलं की हात फिरवत राहावं. फियाटच्या टपाला दोन्ही कडांनी पावसाचं पाणी वाहून जायला पन्हळ असते. तिच्यात अडकणारे चार पंजे केले, पंजांखाली ट्रकच्या ट्यूबचं रबर, म्हणजे रंगाला ओरखडा नको. काठ्या ठेवायला पाईप उभा चिरून अर्धगोल खोबणी केल्या, त्यांना आतून सायकलच्या ट्यूबचं अस्तर. बांधायला चामड्याचे पट्टे. हे चामडं गिरणीतलं, मशीनच्या जुन्या पट्ट्याचं. संपाआधी कधीतरी डब्याच्या पिशवीतून घरी आलं होतं आणि इतकी वर्षं ट्रंकेत जपून ठेवलेलं होतं. जानकीनं ते बाहेर निघताना पाहिलं, तेव्हाच तिला कळलं की हे काम साधं नव्हे.

पंजे आवळायला त्यानं दोन कानांचे नट लावले, पाना न लागता बोटांनी फिरणारे.

"एक तरी पाच कोनाचो लावा," जानकी म्हणाली.

"कित्याक?"

"धाकूमामा काय सांगायचे, ता इसारलात?"

सहदेव चिडला. "तो शेट होतो. ह्यो दोस्त आसा. दोस्ताच्या गाडयेक कुलूप लावतत काय?"

"बघा बाबा," जानकी म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली. ती फार शिकलेली नव्हती, पण तिनं संप घरात बसून काढला होता. कोण कुणाला कधी विसरतं हे तिला गिरणीतल्या सगळ्या फिटरांपेक्षा जास्त माहीत होतं.

कॅरिअर बसवलं तेव्हा गुप्ते गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आले. "कमाल आहेस यार तू! हे बाजारात शोधून मिळालं नसतं." पैशाचं विचारलं, सहदेवनं कानांवर हात ठेवले. पहिल्या खेपेला हायवेवर वेग घेतल्यावर टपातून शीळ घातल्यासारखा आवाज यायला लागला. सहदेवनं भांडुपपाशी गाडी थांबवायला सांगून पाईपच्या उघड्या तोंडांत बुचं ठोकली, आवाज बंद. मग तो परत पुढच्या सीटवर येऊन बसला. काच खाली केली, कोपर बाहेर काढलं. घोडबंदरच्या रस्त्याला झाडी दोन्ही बाजूंनी जवळ येते, वारा गार लागतो. गुप्ते ऑफिसातल्या कुणाची तरी नक्कल करत होते आणि सहदेव पोट धरून हसत होता. त्या दिवशी साडेचार किलोची तांबोशी लागली. परतताना सहदेवच्या दोन्ही काठ्या कॅरिअरवरच राहिल्या. "राहू देत, पुढच्या रविवारी लागणारच आहेत," गुप्ते म्हणाले, आणि सहदेवला ते फार बरं वाटलं.

तो एक रविवार. सहदेवच्या वाट्याला तेवढाच आला.

झालं असं की सोमवारी गुप्ते गाडी ऑफिसला घेऊन गेले, आणि त्यांचे जनरल मॅनेजर चंद्रप्रकाशसाहेब यांनी पार्किंगमध्ये टपावरचं ते पाहिलं. साहेबांनी तरुणपणी कुठल्याशा डोंगराळ नदीत मासे मारलेले. पुढच्या रविवारी हॉर्न वाजला, सहदेव उतरला, तर पुढच्या सीटवर चंद्रप्रकाशसाहेब, काच खाली, कोपर बाहेर. सहदेव मुकाट्यानं मागे बसला. आता धरायला काठ्या नव्हत्या. विक्रोळी ते गायमुख त्याला हात कुठे ठेवावेत हेच कळेना.

"ये कौन है?" साहेबांनी विचारलं.

गुप्त्यांनी आरशात पाहिलं नाही. "फिटर है सर. कॅरिअर इसीने बनाया."

दोन वर्षं खाडीवर जो-जो भेटला त्याला गुप्ते सांगायचे, हे आमचे सहदेव घाडी, आमचे गुरू. आणि आता फिटर. फिटर होणं ही काही शिवी नव्हे, सहदेव फिटरच होता, आणि चांगला होता. पण त्या एका शब्दानं गाडीतली हवाच बदलली. त्या दिवशी साहेबांच्या गळाला मासा लागला तेव्हा सहदेव नुसता बघत उभा राहिला. ढील सोडा, असं सांगायला त्याचं तोंड उघडेना. ते गुप्त्यांनी सांगितलं, बरोबर, सहदेवच्याच शब्दांत.

तिसऱ्या रविवारी हॉर्न वाजलाच नाही. सहदेव साडेपाचपासून कपडे करून गॅलरीत उभा. डब्यात कोळंबी ओल्या पाल्यात चुळबुळ करत होती. सहाच्या सुमाराला हायवेवरून फियाट गेली, आत चार माणसं. टपावर कॅरिअर, त्यावर काठ्या, चामड्याचे पट्टे नीट आवळलेले. त्यात दोन बांबूच्या होत्या. आपल्या काठ्या आपल्याला ओळखू येतात, दुसऱ्या मजल्यावरूनसुद्धा.

जानकी आतून म्हणाली, "चाय थंड झाली."

त्यानं त्या दिवशी कोळंबीचं कालवण करायला सांगितलं. खाल्लं मात्र नाही.

खरं तर गुप्त्यांना दोष द्यायचा तर द्यावा, पण त्यांनी तरी काय केलं? त्यांना जागा कळली होती, तिथी कळली होती, भरती डायरीत होती, आणि काठ्या धरायला आता माणूस लागत नव्हता. कॅरिअर बोटांनी निघत होतं, बोटांनी बसत होतं. सहदेवनं आपल्या हाताशी काही ठेवलंच नव्हतं. धाकूची कंबर आणि तिला लटकणारी ती चावी त्याला रोज आठवायला लागली. वर्कशॉपमध्ये लोखंडी गुलाब वळताना तो स्वतःशीच शिव्या घालायचा. गुप्त्यांना नव्हे, स्वतःला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एका संध्याकाळी खाली दोनदा हॉर्न वाजला. सहदेव अंघोळीला बसला होता, तसाच टॉवेल गुंडाळून गॅलरीत आला. खाली गुप्ते हात हलवत होते.

वर येऊन त्यांनी चहा घेतला, जानकीच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, "सहदेव, एक काम होतं. आमच्या साहेबांच्या अँबॅसॅडरला डिट्टो तसंच कॅरिअर पाहिजे. जे होतील ते पैसे देतील हं ते. फक्त कंपनीची गाडी आहे, म्हणून रविवारपुरतं बसवायचं आणि संध्याकाळी काढायचं."

सहदेवनं बशी खाली ठेवली. "माझ्या काठ्या तुमच्याकडे राहिल्यात," तो म्हणाला.

"अरे हो!" गुप्ते हसले. "साहेबांना इतक्या आवडल्यात ना त्या, त्यांच्याकडेच आहेत. तुझं काय, तू दुसऱ्या करशील."

"करीन," सहदेव म्हणाला. "कॅरिअर पण करीन."

या खेपेला संध्याकाळी मागे थांबणं नव्हतं. जयंतीभाईच्या पावतीवर, दिवसाढवळ्या काम केलं. पाईप तसाच वाळू भरून वळवला, हयगय म्हणून कुठे केली नाही. ते त्याच्या हाताला येतच नव्हतं. फक्त चार नट त्यानं घरी आणले आणि तीन दिवस रात्री जेवण झाल्यावर कानशीनं घासत बसला. जानकी समोर तांदूळ निवडत होती. तिनं एकदा नटाकडे पाहिलं, कोन मोजले, आणि परत तांदळाकडे वळली.

कॅरिअर बसवून दाखवलं तेव्हा गुप्त्यांनी खिशातला पाना लावून पाहिला. तो घसरला. परत लावला, परत घसरला.

"ह्याची चावी देऊन ठेव ना माझ्याकडे," ते म्हणाले.

"ती हाताच्या अंदाजानं फिरवायला लागते, साहेब," सहदेव म्हणाला. "जास्त आवळलं तर पन्हळ फाटेल. कंपनीची गाडी आहे. मीच येत जाईन, रविवारी."

आयुष्यात मशीनबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला होता. गुप्त्यांनी त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे, रविवारी गाडी घेऊन येतो."

शनिवारी सहदेव कोळंबी घेऊन आला. ओला पाला घालून डबा मोरीच्या कोपऱ्यात ठेवला. मनात त्यानं सगळी जुळवाजुळव केली होती. कॅरिअर बसवायला आपण लागणार, काढायलाही आपणच लागणार. मग इथून तिथे आपल्याला न्यायलाच नको का? धाकू खोटं सांगणार नाही. रात्रभर त्याला झोप नव्हती. लग्न ठरलेल्या पोरासारखा तो कूस बदलत होता.

सहाला पाच कमी असताना हॉर्न वाजला, दोनदा. सहदेवनं नवा शर्ट घातला होता. एका हातात डबा, एका हातात चावी घेऊन तो दोन-दोन पायऱ्या उतरला.

अँबॅसॅडर चालूच होती. गुप्ते चालवायला बसले होते. चंद्रप्रकाशसाहेब आपल्या एका मित्राबरोबर मागे पाय पसरून बसले होते; स्वतःच्या गाडीत पुढे बसायची त्यांना सवय नव्हती. पुढची डावी सीट रिकामी होती. सहदेवनं ती उतरल्या-उतरल्या पाहिली. त्यानं डबा फुटपाथवर ठेवला, डिकीतलं कॅरिअर काढून टपावर चढवलं, चार पंजे पन्हळीत बसवले आणि पाच कोनांचे चारही नट एकेक करून आवळले. मग काठ्या लावल्या. स्वतःच्या दोन बांबूच्या काठ्यांचे पट्टे त्यानं सर्वांत शेवटी बांधले. एकीचा शेंडा कुणीतरी मोडून त्याला सेलोटेप गुंडाळला होता.

काम झालं. डबा उचलून तो पुढच्या दाराशी येऊन उभा राहिला. हात हँडलवर ठेवायचा की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

गुप्त्यांनी वाकून आतून दार उघडलं. "कोळंबी आणलीस? वा, झकास! बघा सर, हा विसरत नाही." त्यांनी हात लांब करून डबा घेतला आणि सीटवर ठेवला, सांडू नये म्हणून भोवती टॉवेलही लावला. "संध्याकाळी सात वाजता येतो. खाली थांब हं, साहेबांना घाई असते."

दार लागलं. मागून चंद्रप्रकाशसाहेब म्हणाले, "थँक्यू, मिस्त्री." गाडी हायवेला लागली. काठ्या जराही हलत नव्हत्या, शीळ वाजत नव्हती. काम अगदी चोख झालं होतं.

सहदेव एकेक पायरी चढून वर आला. जानकी दारातच होती. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं, हातात नुसती चावी.

"डबो खय?" तिनं विचारलं.

सहदेव नव्या शर्टाची बटणं काढायला लागला.

"पुढच्या सीटवर," तो म्हणाला.